घाव जुना, व्रण नवा

महाविद्यालयात शिकणारे एखादे मूल स्वतःच्याच देहाला इजा करून घेते, तेव्हा तीन वाक्ये हमखास कानी पडतात : ही पिढी हळवी आहे, हा सारा मोबाइलचा परिणाम आहे, आमच्या वेळी आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले? तिन्ही वाक्ये घराला निर्दोष ठरवतात. आमचा आक्षेप आहे तो या सोयीस्कर निवाड्यालाच.

अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी व डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले : मारहाण झाली काय? अपमान, लैंगिक अत्याचार, घरातील दारू, आईला होणारी मारझोड वाट्याला आली काय? त्याच पाहणीवर आधारलेला निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. असा कोणताही एक अनुभव आलेल्यांत पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका दोन ते पाच पटींनी अधिक आढळला. आणि अनुभवांचे प्रकार जितके अधिक, तितका धोकाही अधिक.

‘ही तिकडची गोष्ट’ असे कोणी म्हणू नये. आपल्या केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ बालके होती. दर तिघांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसला होता. आणि कुटुंबात छळ सोसणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांवर हात उगारणारे त्यांचे आईवडीलच होते.

भ्यालेले मूल कुशीत शिरते आणि तेथे शांत होण्यास शिकते. जेथे शिरायचे तेथूनच भय येत असेल, तर त्याने शांत व्हावे कसे? ती दडपलेली वेदना पुढे परीक्षेच्या ताणात, वसतिगृहाच्या एकांतात उसळते, आणि शब्द सापडत नाहीत म्हणून शरीरावर उमटते. पुष्कळदा हेतू मरणाचा नसतो. असह्य भावनेतून क्षणभर सुटका हवी असते. अशी मुले आपले व्रण लपवितात. मग त्याला ‘लक्ष वेधण्याचे नाटक’ कसे म्हणावे? आणि ते क्षुल्लकही नव्हे, कारण पुढे आत्महत्येचा धोका याच मुलांना अधिक असतो.

मार खाल्लेले प्रत्येक मूल या वाटेने जात नाही, आणि या वाटेने गेलेल्या प्रत्येकाचे घर दोषी नसते, हे आम्ही जाणतो. परंतु ‘आमचे काय बिघडले’ असे विचारतात ते तरलेले लोक. जे दारूत बुडाले, जे अकाली गेले, ते साक्षीला येत नाहीत.

काहीजण नीतिसूत्रांतील छडी पुढे करतात. तेथील मूळ हिब्रू शब्द आहे ‘शेवेत’. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हाती हीच ‘शेवेत’ आहे, आणि ती कळपाला धीर देते. संत पौलाने तर मुलांना चिडीस आणू नका, असे बापांनाच बजावले आहे. आत्महत्या करणाऱ्याला १९१७ च्या धर्मसंहितेने ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेतून ते कलम गेले. ख्रिस्तसभेने कठोरपणा सोडला. आमच्या ओसरीवरची कुजबुज मात्र अजून निवाडा देतच आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. विवाहपूर्व शिबिरांत न मारता मूल वाढविण्याचे शिक्षण द्यावे. लेकरावर हात टाकणारा नातलग असला, तरी घराण्याच्या अब्रूपायी त्याला पाठीशी घालू नये. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अशा गुन्ह्याची खबर देणे बंधनकारकच केले आहे. मुलाच्या अंगावर व्रण दिसले, तर शपथा घालू नयेत, ओरडू नये. जवळ बसावे, ऐकावे, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. नोव्हेना अवश्य करावी, परंतु उपचाराऐवजी नव्हे.

आणि ज्या घरात आज लहान मूल आहे, त्या घराने खुंटीवरचा पट्टा फक्त कमरेला बांधावा.