काळ्या ज्वारीचे मोल

कणीस दाण्याने भरून यावे आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस कोसळावा, हे वऱ्हाडातील ज्वारी-उत्पादकाचे जुने दुखणे आहे. चार दिवस कणीस भिजत राहिले की दाण्यावर बुरशी चढते आणि पांढरा, टपोरा दाणा काळवंडून ठिसूळ होतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अकोला-अमरावती भागाने हेच पाहिले. असा माल बाजार समितीच्या आवारात आला की हर्रासाचा सूरच पालटतो. दर्जात बसत नाही म्हणून सरकारी खरेदी केंद्र तो घेत नाही. भाकरीसाठी त्याला गिऱ्हाईक नाही. परत न्यावा तर गाडीभाडे अंगावर पडते. मग मिळेल त्या भावाला तो विकून शेतकरी गावाची वाट धरतो. हे स्वस्त धान्य शेवटी कोणाच्या पदरात पडते आणि त्याचा भाव कोण ठरवितो, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. परंतु वऱ्हाडच्या शिवारातून ज्वारी का हटली, याचे बरेचसे उत्तर त्यातच दडलेले आहे.

या दुखण्याचे मूळ दाण्याच्या पक्वतेच्या काळात आहे. जुने गावरान वाण पाऊस सरल्यावर, थंडीच्या तोंडावर पिकत. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे पहिले संकरित वाण आले आणि त्यामागून आणखी वाणे आली. ती लवकर पिकणारी व भरघोस उत्पन्न देणारी होती. पण लवकर पिकणे म्हणजेच पावसात सापडणे, हा धोकाही त्यांच्यासोबत आला. याबद्दल संशोधकांना दोष देणे अन्यायाचे होईल. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या महाराष्ट्राला पोटभर धान्य हवे होते व या वाणांनी ते दिले. १९६९ साली अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात ज्वारीवर सातत्याने संशोधनही होत आले आहे. उणीव राहिली ती अन्यत्र. भिजलेल्या दाण्याचे करायचे काय, याचा विचार शेतात वा प्रयोगशाळेत नव्हे, तर सरकारी कचेरीत व्हावयास हवा होता. तो झाला नाही. झाला तेव्हा भलत्याच अंगाने झाला.

२००७ साली महाराष्ट्र शासनाने धान्यापासून मद्यार्क तयार करणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण जाहीर केले. ज्वारी, बाजरी, मका या कोरडवाहू पिकांना हमखास गिऱ्हाईक मिळेल, काळी पडलेली ज्वारी वाया जाणार नाही आणि विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या हाती चार पैसे पडतील, असे त्याचे समर्थन होते. कारखान्यांना दर लिटर मद्यार्कामागे १० रुपये अनुदान देऊ करण्यात आले. आता साधा हिशेब मांडून पाहावा. एक क्विंटल धान्यापासून सुमारे ३८ लिटर मद्यार्क निघतो. म्हणजे क्विंटलमागे ३८० रुपये कारखानदाराला सरकारी तिजोरीतून मिळावयाचे. त्या वर्षी संकरित ज्वारीचा हमीभाव होता क्विंटलला ६०० रुपये. ज्या धान्याची पुरी किंमत सरकारनेच ६०० रुपये ठरविली होती, त्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम ते विकत घेणाऱ्याला द्यावयाची आणि पिकविणाऱ्याने मात्र काळ्या दाण्याचा जो भाव पुकारला जाईल तो मुकाट्याने घ्यावयाचा, असा हा व्यवहार होता. कारखान्याने हमीभावाने खरेदी केलीच पाहिजे, ही एक अट अनुदानाला घट्ट बांधली असती, तरी धोरणाचा हेतू शाबीत झाला असता.

या धोरणाविरुद्ध डॉ. अभय बंग आणि अनेक सामाजिक कार्यकर्त्यांनी आवाज उठविला, तो मुख्यतः नैतिक भूमिकेवरून. माणसाच्या तोंडचे धान्य दारूकडे वळवावे काय, आणि आत्महत्यांनी पोळलेल्या विदर्भात आणखी दारू ओतावी काय, हे त्यांचे प्रश्न सडेतोड होते. अमरावतीच्या सीमेला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे ध्यानात घेता त्यांची धार अधिकच जाणवते. परंतु नीतीच्या या वादात भावाचा प्रश्न मागे पडला. दारू वाईट की चांगली, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. ज्वारीवाल्याच्या पदरात नेमके काय पडणार, हे विचारणारे थोडे निघाले.

वास्तविक सर्वच मादक पेये धान्याला सारख्या रीतीने वागवीत नाहीत. बियरसाठी धान्याला मोड आणावे लागतात. मोड आलेला दाणा वाळवून त्याचे माल्ट करतात आणि मग ते आंबविले जाते. मोड येण्यासाठी दाणा जिवंत पाहिजे. बुरशीने मेलेला काळा दाणा येथे कुचकामाचा. निवडक, निरोगी धान्यच हवे आणि त्याचे दामही मोजले पाहिजेत. मद्यार्काच्या भट्टीला याची फिकीर नाही. तिला केवळ दाण्यातील पिठूळ अंश हवा असतो, मग दाणा जिवंत असो वा मेलेला. एका धंद्याला चांगल्या पिकाची गरज आहे, तर दुसऱ्याला शेतकऱ्याची आपत्ती सोयीची आहे.

नायजेरियाने १९८८ साली जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तेथील बियरचे कारखाने देशी ज्वारी व मक्याकडे वळले. पुढे बंदी उठली, तरी ज्वारी त्या बियरमधून गेली नाही. दक्षिण आफ्रिकेत तर ज्वारीची बियर घरोघरी करण्याची परंपरा फार जुनी आहे. अमेरिकेत १९७९ पासून घरच्यापुरती बियर करण्यास कायद्याने मोकळीक मिळाली आणि तेथील हौशी मंडळी एकत्र येऊन माल्टची पोती घाऊक भावाने आणू लागली. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याने परवान्याशिवाय घरी असे काही करता येत नाही, आणि त्यात खंत करण्याजोगे काही नाही. वऱ्हाडी घराला आंबविण्याची कला ठाऊक आहे ती महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला लागणाऱ्या ज्वारीच्या आंबिलीपुरती. सांगावयाचे ते इतकेच की, परदेशातला हौशी माणूस पोत्यामागे चार पैसे वाचवितो ते चांगला माल एकदम घेऊन. येथल्या भट्टीचा स्वस्तपणा मात्र माल बिघडण्यावर आणि शेतकरी अडण्यावर उभा आहे.

गेल्या काही वर्षांत या कथेला नवे वळण लागले आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खराब धान्यापासून इथेनॉल करण्यास वाट मोकळी केली. पेट्रोलसाठी परकीय चलन वाचावे, हा हेतू निःसंशय स्तुत्य होता. पण २०२५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉल कारखान्यांना क्विंटलला २,२५० रुपयांनी देऊ केला. त्या हंगामात साध्या भाताचा, म्हणजे न सडलेल्या साळीचा, हमीभाव २,३०० रुपये होता. सडलेला तांदूळ साळीपेक्षा स्वस्त! संकरित ज्वारीचा हमीभाव त्याच वर्षी ३,३७१ रुपये होता. सरकारी गोदामातून असे धान्य मिळत असता कारखानदार वऱ्हाडच्या ज्वारीकडे कशाला फिरकेल? २००७ साली ज्या गिऱ्हाइकाचे स्वप्न दाखविले गेले, त्याला सरकारनेच दुसऱ्या दुकानात नेऊन बसविले.

याचा आणखी एक फटका वऱ्हाडलाच बसला. धान्यातून मद्यार्क काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, तो वाळवून पशुखाद्य व कोंबडीखाद्य म्हणून विकला जातो. इथेनॉल वाढले तसा हा चोथाही बाजारात वाढला आणि सोयाबीनच्या पेंडीची जागा घेऊ लागला. पेंडीला उठाव नाही, म्हणून सोयाबीनला भाव नाही. २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना सोयाबीन त्याखाली विकले गेले. त्याला इतरही कारणे होती, हे खरे. पण ज्या शेतकऱ्याने ज्वारी परवडेना म्हणून सोयाबीन धरले, त्याच्या सोयाबीनलाही धान्याच्या भट्टीने गाठावे, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे.

बुरशी चढलेले धान्य माणसाने वा जनावराने खाऊ नये, तेव्हा ते कारखान्याकडे जाणेच इष्ट, असे म्हटले जाईल. ते योग्यच आहे. वाद धान्य कोठे जावे याचा नाही, ते कोणत्या भावाने जावे याचा आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये अवकाळी पावसाने गव्हाचे तेज गेले, तेव्हा पंजाब, हरियाणा, मध्यप्रदेशात दर्जाचे निकष शिथिल करून सरकारने तो गहू खरेदी केला. मग काळ्या ज्वारीसाठी प्रतवारी ठरवून, नुकसानीच्या प्रमाणात हमीभावातून वजावट करून, अकोला-अमरावतीच्या केंद्रांवर ती वेळेवर घेण्यास अडचण कोणती? खाण्याजोगा माल वेगळा काढावा व उरलेला सरकारनेच कारखान्यांना लिलावाने विकावा. ज्या कारखान्याला सरकारी सवलत हवी, त्याने आपल्या धान्याचा ठराविक वाटा जवळच्या बाजारातून ठरलेल्या किमान भावाने घेतल्याची पावती दाखवावी. पावती नाही तर सवलत नाही, इतका हा नियम सोपा असू शकतो.

ज्वारी गेली तिच्यामागून बैलाचा कडबा गेला, हुरडा गेला, वर्षाची पोती घरात रचून निश्चिंत होणारे कुटुंबही गेले. रोही आणि रानडुकरांनी उरलीसुरली हौस संपविली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरात ज्वारीची भाकरी पथ्याचे अन्न म्हणून मान पावली. ही प्रतिष्ठा शिवारापर्यंत पोचवावयाची असेल, तर शेतकऱ्याला चांगल्या वर्षाच्या भावापेक्षा वाईट वर्षाचा आधार अधिक हवा आहे. दाणा पांढरा निघेल तेव्हा भाव देण्यास पुष्कळ जण पुढे येतात. तो काळा निघेल त्या वर्षी कोण उभा राहतो, हे पाहूनच शेतकरी पुढल्या मृगाला काय पेरावयाचे ते ठरवीत असतो.