रिठ्याचे नातलग आणि उपाशी निजणारी लेकरे

ईदच्या सकाळी शिरखुर्म्यात पडणारे पिस्ते आणि चारोळी, पुलावाच्या ताटातले लिंबू, फोडणीतला कढीपत्ता, उन्हाळ्यातला आंबा, अंगणातला कडुनिंब आणि दादी-नानी केस धुण्यासाठी भिजत घालत तो रिठा, ही सगळी एकाच खानदानातली मंडळी आहेत, असे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटणार नाही. पण वनस्पतिशास्त्र तसे मानते. या मोठ्या खानदानाला, म्हणजे गणाला, ‘सॅपिंडेल्स’ म्हणतात. नाव रिठ्यावरूनच पडले आहे. रिठ्याचे शास्त्रीय नाव ‘सॅपिंडस’, म्हणजे ‘हिंदी साबण’. या गणात नऊ कुळे आणि सुमारे सहा हजार जाती आहेत. पूर्वी फुलांची आणि पानांची ठेवण पाहून नाती ठरत. 1998 पासून डीएनएची तुलना करून हा वंशवृक्ष नव्याने मांडण्यात आला आहे.

आम्ही शिक्षक वर्गात कुळे शिकवू लागलो की मुले विचारतात, ‘सर, हे पाठ करून काय मिळणार?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बिहारमधल्या मुजफ्फरपूरमध्ये सापडते.

मुजफ्फरपूर हा लिचीचा मुलूख. तिथे 1995 पासून मे-जून महिन्यांत एक विचित्र आजार दिसू लागला. संध्याकाळी हसते-खेळते असलेले मूल पहाटे किंचाळत उठायचे, त्याला झटके यायचे, शुद्ध हरपायची आणि कित्येकदा काही तासांत सारे संपायचे. लोक त्याला ‘चमकी बुखार’ म्हणू लागले. पाऊस स्थिरावला की आजार गायब व्हायचा. कोणी मेंदूज्वराचा विषाणू म्हटले, कोणी उष्माघात, कोणी बागेतली कीटकनाशके. वर्षानुवर्षे तपास चालला, पण नेमका जंतू हाती लागला नाही.

आता जरा दूर, वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर जाऊ. तिथे ‘अॅकी’ नावाचे फळ आवडीने खातात. ते त्या देशाचे राष्ट्रीय फळ आहे. झाडावर आपोआप उमललेले फळ शिजवून खाल्ले तर काही होत नाही. कच्चे खाल्ले तर मात्र उलट्या, झटके, बेशुद्धी आणि मृत्यू. 1950 च्या दशकात तिथल्या संशोधकांनी अॅकीमधून एक विष वेगळे काढले. ते रक्तातली साखर खाली आणते, म्हणून त्याला ‘हायपोग्लायसिन’ नाव मिळाले.

अॅकी, लिची आणि रिठा ही तिन्ही एकाच कुळातली. रिठ्याची काळी गुळगुळीत बी आणि लिचीची तपकिरी चकचकीत बी शेजारी ठेवली तर नाते डोळ्यांनाही जाणवते. लिचीच्या बियांत हायपोग्लायसिनचा जणू सख्खा भाऊ असलेले एक द्रव्य 1962 मध्येच सापडले होते. पण मुजफ्फरपूरच्या आजाराशी त्याचा धागा जुळायला फार वर्षे गेली. 2014 मध्ये वेल्लोरचे विषाणूतज्ज्ञ टी. जेकब जॉन आणि लखनौचे विषशास्त्रज्ञ मुकुल दास यांनी लिचीकडे बोट दाखवले.

त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेसोबत मोठी पाहणी केली. मे ते जुलै या काळात तिथल्या दोन रुग्णालयांत 390 मुले दाखल झाली. त्यांतली 122 दगावली. आजारी 104 मुलांची तुलना इतर कारणांनी रुग्णालयात आलेल्या 104 मुलांशी केली. आजारी मुलांमध्ये लिची खाल्लेल्यांचे प्रमाण कितीतरी जास्त निघाले. रात्री न जेवलेल्यांचेही जास्त निघाले. लघवीच्या 73 नमुन्यांपैकी 48 मध्ये या विषांच्या खुणा सापडल्या. हे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाले.

पण लिची तर आपणही खातो. मग आपल्या मुलांना काही का होत नाही? उत्तर शरीराच्या हिशेबात आहे. रात्री पोट रिकामे झाले की यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडते. तो साठा संपत आला की शरीर चरबी जाळू लागते आणि त्या बळावर नवी साखर तयार करते. लिचीतले विष नेमका हा दुसरा रस्ता बंद करते. धडधाकट, जेवलेल्या मुलाला त्या रस्त्याची गरजच पडत नाही. कुपोषित मुलाचा साठा मुळात तुटपुंजा. त्याने दिवसभर बागेत पडलेली, अर्धकच्ची लिची खाल्ली आणि तसेच झोपले, तर पहाटे मेंदूला साखर कमी पडते. कच्च्या फळात हे विष जास्त असते. सारा दोष फळावर टाकता येत नाही. भूक त्यात बरोबरीची वाटेकरी आहे.

नाते ओळखल्याचा फायदा इतरत्रही झाला. युरोप-अमेरिकेत कुरणात चरणारे घोडे अचानक स्नायू आखडून मरत. 2013-14 च्या सुमारास कळले की मेपलच्या काही जातींच्या बियांत तेच हायपोग्लायसिन आहे. आणि मेपलही आता रिठ्याच्याच कुळात गणला जातो.

यातून निघालेला उपाय साधा होता: हंगामात लहान मुलांना लिची बेताने, रात्रीचे जेवण चुकवू नये, झटके आले तर तातडीने साखर तपासून ग्लुकोज द्यावे. तरीही 2019 च्या कडक उन्हाळ्यात तिथे शंभराहून अधिक मुले गेली. लिचीखेरीज उष्णतेचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. पण रात्री पोटभर जेवलेले मूल अधिक सुरक्षित असते, यावर वाद नाही. शोध कागदावर लागला, तरी भाकरी ताटात पोहोचावी लागतेच.

म्हणून बाजारात लिची आली की खुशाल आणा. पिकलेली निवडा, जेवणानंतर द्या, बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका. ‘फळे खाल्लीत ना, मग झोपा’ असे म्हणून लहानग्याला निजवू नका. मूल पहाटे सुस्त वाटले पण शुद्धीवर असेल तर साखरपाणी पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा. आणि मोहल्ल्यात एखादे मूल रात्री न जेवता झोपते आहे असे कळले, तर त्याच्या घरी एक ताट पाठवा.