ब्लड कॅन्सर उलटला तर? दोन-तीन औषधं एकत्र देऊन पाहण्यामागे काय आहे?

टीबीच्या पेशंटला एका वेळी अनेक औषधं का देतात, हे नंदुरबारच्या पाड्यांवर गोळ्या पोचवणाऱ्या आशाताईंना कोणी शिकवायला नको. एकाच औषधातून काही जंतू वाचतात आणि नंतर त्याला दाद देत नाहीत. १९६० च्या दशकात अमेरिकेत मुलांच्या ल्युकेमियावर चार औषधं एकत्र दिली गेली, त्यामागचा विचार हाच होता.

कॅन्सर उलटतो तेव्हा उरलेल्या पेशी पहिल्या औषधांतून वाचलेल्या असतात. शरीरही थकलेलं असतं. म्हणून नवी जोडी किती चालते आणि किती सोसते, दोन्ही तपासावं लागतं.

भारतातलं ताजं उदाहरण म्हणजे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची 'नेक्सकार-१९' थेरपी. पेशंटच्याच टी-पेशी काढून, लॅबमध्ये बदलून परत देतात. त्याआधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोची दोन औषधं द्यावीच लागतात. बातम्यांमध्ये हा भाग सहसा गळतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. ६४ पेशंटवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये 'लॅन्सेट हेमॅटॉलॉजी'त आले. तपासता आलेल्यांपैकी ७३ टक्के पेशंटनी प्रतिसाद दिला. हेडलाइन इथेच थांबली. पण त्यातल्या साधारण निम्म्यांमध्ये हा परिणाम ल्युकेमियात ८ महिन्यांत, लिम्फोमात ४ महिन्यांतच ओसरला. उपचारामुळे दोन मृत्यूही झाले. त्यामुळे सोबत किंवा नंतर आणखी काय द्यायचं, हा प्रश्न उरतोच.

नंदुरबारसाठी याचा अर्थ काय?

थेरपीचा खर्च ३० लाखांच्या घरात आणि महात्मा फुले योजनेची मर्यादा ५ लाख. पेशी दिल्यावर काही आठवडे हॉस्पिटलजवळ राहावं लागतं, म्हणजे सोबत्याची मजुरीही बुडते. त्यामुळे गरीब पेशंटला चाचणीत नाव लागणं हाच कधीकधी एकमेव रस्ता दिसतो, आणि मला धोका तिथेच वाटतो. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत मिळतात, भरपाईचीही तरतूद आहे. संमतीही पेशंटला समजेल अशाच भाषेत घ्यावी लागते. धडगाव-अक्कलकुव्यात ती भाषा अनेकदा मराठी नसते, पावरी किंवा भिली असते. सही करण्याआधी त्या भाषेत समजावणारा माणूस मागा. चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांकही विचारा. ही यादी ऑनलाइन कुणालाही बघता येते.