भरधाव मोटारीचे टायर आणि आपली पेढी

डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या समुद्ररस्त्यावर आगर लागते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तेथील एका टायरच्या दुकानात आम्ही स्नेह्याच्या टेम्पोचे काम करून घेत बसलो होतो. तेवढ्यात वापीकडचे एक सेठ आपली दोन दारांची जर्मन मोटार घेऊन आले. गाडी जुनी घेतलेली, पण रंग असा की शेजारच्या वाडीतली पोरे चिकूच्या पाट्या टाकून बघायला आली. मागचे दोन टायर मधोमध गुळगुळीत झाले होते. दुकानात त्याच मापाची एक जोडी निघाली, किंमतही सेठना पटली. पण उस्तादने टायरच्या बाजूवरची अक्षरे वाचली आणि टॉमी खाली ठेवली. "सेठ, हा बसेल, पण मी बसवणार नाही. पावसात गाडी फिरली तर तुम्ही माझंच नाव घ्याल." सेठ रागावून निघून गेले. शेजारचा दुकानदार हसला, "हाता-तोंडाशी आलेला घास घालवला!"

आम्हाला मात्र उस्तादचे बरोबर वाटले. तो बरोबर असूनही त्या दिवशी त्याचा गल्ला रिकामा का राहिला, या प्रश्नासाठी हा मजकूर लिहीत आहोत.

आमच्या काही वाचकांना वाटेल की स्पोर्ट्स मोटारीचा आपल्याशी काय संबंध? आपण टेम्पो, पिकअप आणि रिक्षावाले. परंतु चित्र बदलले आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटी आणि तलासरीवरून जातो. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा पट्टाही याच दोन तालुक्यांतून नेला आहे. शनिवार-रविवारी बोर्डी-घोलवडकडे येणाऱ्या भारी गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. शिवाय नवी असताना कोटीच्या घरातली गाडी आठ-दहा वर्षांनी एखाद्या मध्यम व्यापाऱ्याच्या आवाक्यात येते, आणि आपल्या बांधवांची मुलेही ती घेऊ लागली आहेत. गाडीची किंमत उतरते, तिच्या टायरची उतरत नाही. घोटाळा येथूनच सुरू होतो.

महामार्ग किती निर्दय आहे हे ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर साऱ्या देशाने पाहिले. सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल त्या अपघातात गेले. तेथे टायरचा दोष असल्याचे काही पुढे आले नाही. वेग, पुलाचा कठडा आणि मागच्या आसनावर न बांधलेला पट्टा यांचीच चर्चा झाली. तो प्रसंग आम्ही एवढ्यासाठीच सांगतो की चांगली गाडी म्हणजे सुरक्षित गाडी हा समज त्या दिवशी मोडला. गाडी कितीही चांगली असो, रस्त्याला तिचे चार तळवेच टेकलेले असतात आणि एकेक तळवा साधारण माणसाच्या पंजाएवढा असतो.

आता उस्तादने वाचलेली अक्षरे पाहू. पोर्शे ९११ करेरा एस या गाडीच्या अलीकडच्या नमुन्याला पुढे २४५/३५ झेडआर २० आणि मागे ३०५/३० झेडआर २१ हे टायर येतात. ३०५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ३० म्हणजे त्या रुंदीच्या तीस टक्के उंची, म्हणजे टायरची बाजू जेमतेम ९१ मिलिमीटर. शेवटचा २१ हा रिमचा इंची आकडा. पुढचे माप मागच्याहून वेगळे, म्हणून टेम्पोसारखी पुढची चाके मागे टाकण्याची सोय येथे नाही. मापापाठोपाठ एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा वजनाचा : ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो. अक्षर वेगाचे : 'एच' ताशी २१० किलोमीटर, 'व्ही' २४०, 'डब्ल्यू' २७०, 'वाय' ३००. सेठच्या गाडीला 'वाय' हवा होता, दुकानातली जोडी 'एच'ची होती.

सेठचे म्हणणे होते, "इथे दोनशेने कोण चालवणार?" म्हणणे वरवर खरे आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने चौपदरी महामार्गावर मोटारीला ताशी १००, द्रुतगती मार्गावर १२० ही कमाल मर्यादा घातली आहे. पण ते अक्षर नुसत्या वेगाचे नसते. तेवढा वेग सोसण्यासाठी टायरच्या आतले थर, पट्टे आणि बाजू वेगळ्या रीतीने बांधलेल्या असतात. उष्णता बाहेर टाकण्याची ताकद आणि वळणावर बाजू न झुकण्याचा कडकपणा त्यातूनच येतो. गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग त्या कडकपणाचा हिशेब धरून बनवलेले असतात. पुढे कडक आणि मागे नरम टायर घातला तर ऐन वळणावर गाडीचा मागचा भाग आधी सुटतो. शंभरच्या वेगाला तेवढे पुरते.

काही टायरांवर आणखी एक बारीक खूण असते. पोर्शेसाठी 'एन' आणि त्यापुढे आकडा, मर्सिडीजसाठी 'एमओ', बीएमडब्ल्यूसाठी चांदणी. गाडी बनवणाऱ्याने तो टायर आपल्या गाडीवर तपासून पसंत केला, असा तिचा अर्थ. खूण नसलेला टायर वाईटच असतो असे नाही. पण चार चाकांपैकी दोनांवर खूण आणि दोनांवर भलताच छाप, ही खिचडी आम्ही करू नये म्हणतो. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत तर नव्या-जुन्या टायरच्या घेरातला फरक आतल्या यंत्रणेला सतत घासत राहतो. टायरमध्ये वाचवलेला पैसा मग गिअरबॉक्सच्या बिलात जातो.

वयाचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि आपल्या बाजारात त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. टेम्पोचा टायर झिजून मरतो, हौसेच्या मोटारीचा टायर उभ्या उभ्या म्हातारा होतो. गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालते, नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतले रबर मात्र ऊन, हवा आणि उष्णतेने कडक झालेले असते. डहाणूला हे वेगळे सांगायला नको. येथे रबरी फुग्यांचा धंदा जुना आहे, आणि उन्हात पडलेला फुगा चार दिवसांत कसा होतो हे येथल्या पोरालाही ठाऊक आहे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ३२२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असली तरी काढून टाकावा, असा मोठ्या कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. भरधाव गाडीला एवढेही थांबू नये असे आमचे मत आहे. अमेरिकेत ३० नोव्हेंबर २०१३ रोजी सिनेनट पॉल वॉकर ज्या पोर्शेत गेला तिचे टायर नऊ वर्षांचे होते. मुख्य कारण वेग होते, पण टायरच्या वयामुळे गाडीचा ताबा कमी झाला असावा अशी नोंद तपास अधिकाऱ्यांनी केली.

आपल्या किनारपट्टीवर त्यात पावसाची भर पडते. विमानाच्या टायरसाठी अमेरिकेच्या 'नासा'त १९६० च्या दशकात एक ठोकताळा निघाला. साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगू लागतो हे त्यातील हवेवरून काढता येते. हवा ३३ पौंड असेल तर ताशी सुमारे ९६ किलोमीटर, २२ पौंड असेल तर सुमारे ७८. मोटारीला हा हिशेब तंतोतंत लागू नाही, कारण खोल नक्षी पाणी बाहेर फेकते आणि आकडा वर नेते. पण याच हिशेबाने पाहिले तर झिजलेली नक्षी, कमी हवा आणि रुंद टायर या तिघांची गाठ पडली की काय होते ते दिसते. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर राजा असतो, पाण्यावर तोच होडी होतो. नक्षीच्या खाचेत १.६ मिलिमीटरवर झीज दाखवणारी उंचवट्याची खूण असते. तेथवर वाट पाहणे टेम्पोलाही बरे नव्हे. भारी गाडीला ३ मिलिमीटर उरले की मृगाच्या आत टायर बदलावा. शर्यतीसाठी बनवलेले, जवळजवळ नक्षी नसलेले नरम टायर हल्ली हौसेने मागवले जातात. ते जुलैत डहाणूच्या रस्त्यावर आणणाऱ्याला काय म्हणावे?

बाजाराची अडचणही नजरेआड करता येत नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारीच्या नव्या टायरांची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली आणली. देशी कारखान्यांना त्याचा आधार मिळाला हे खरे. आपल्याच राज्यात भांडुप आणि नाशिकला सिएट, चाकणला ब्रिजस्टोन, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला गुडइयर आहे. अपोलोने २०२१ पासून व्रेडेस्टाइन हा आपला युरोपातला छाप येथे आणला. साध्या आणि मध्यम गाड्यांचे भागते. पण २१ इंची रुंद मापे येथे कमी मिळतात, वाट पाहावी लागते, आणि त्या वाटेवर दलाल उभा असतो. तो परदेशात वापरून काढलेली जोडी 'कंडिशन' म्हणून विकतो, तारखेचे आकडे घासतो, काळा रंग मारून चकाकी आणतो. ट्रकला रिमोल्ड चालतो, तो धंदा प्रामाणिक आहे. पण या गाड्यांसाठी वापरून काढलेल्या टायरला आमचा साफ नकार आहे. त्याच्या पोटात कोणता खड्डा बसला आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा ही पळवाट शोधायचे एक निमित्तही कमी झाले.

आता पेढीचा प्रश्न. विकत असलेल्या मालातला ऐब झाकू नये, हे आपल्या गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला लहानपणीच शिकवतात. उस्तादने तेच केले. मग समोरच्या दुकानाने ती जोडी घातली असती तर? घालतीलच, असे म्हणून सुटका होत नाही. आमच्या मते चूक उस्तादच्या नकारात नव्हती, नकारापुढे काहीच नव्हते ही चूक होती. त्याने नाही म्हटले आणि गप्प बसला. मुंबईतील वितरकाला तेथल्या तेथे फोन लावून योग्य जोडीचा भाव, तारीख आणि येण्याचे दिवस सांगितले असते, अर्धी रक्कम आगाऊ घेतली असती, तर गिऱ्हाईक गेले नसते. भारी गाडीचा मालक स्वस्तासाठी जेवढा येतो तेवढाच तो माहितीसाठी येतो, कारण तेवढी माहिती त्यालाही नसते. माहितीचे पैसे मागायला आपला कारागीर लाजतो. पंक्चरचे पैसे मागतो, अकलेचे नाही!

हुन्नरही वाढवावा लागेल. या गाड्यांच्या वॉल्व्हला आतून हवेचा दाब सांगणारे यंत्र असते, टॉमीच्या एका धक्क्याने ते तुटते आणि दिवसाची कमाई भरपाईत जाते. काही टायरांच्या आत आवाज मारण्यासाठी स्पंज चिकटवलेला असतो. तो पाहून आमच्या ओळखीच्या एका पोराने टायर फाटला म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवले होते. बारीक बाजूच्या टायरला हाताने उतरवणे म्हणजे रिम ओरबाडणे. त्याला वेगळे यंत्र लागते, आणि एकट्याला ते परवडत नसेल तर चार दुकानदारांनी मिळून घ्यावे. बाजूला भोक पडले तर पट्टी घालून देऊ नये. मध्ये पडले तरी बाहेरून घातलेली पट्टी घरी पोचण्यापुरतीच आहे हे सांगावे, बिलावर लिहावे. बिलावर टायरचे चार तारीख-आकडेही लिहावेत. ही सवय आजवर आम्ही फार थोड्या दुकानांत पाहिली. उद्या भांडण झाले तर तो कागद गिऱ्हाइकाइतकाच दुकानदाराला उपयोगी पडतो.

उधारीबद्दल एक शब्द. या मालात उधारी नको. मागवलेली जोडी मालकाने नेली नाही तर त्या मापाची दुसरी गाडी तालुक्यात मिळणार नाही, आणि दुकानात पडल्या पडल्या टायरचे वय वाढत राहील.

त्या सेठचे पुढे काय झाले ते नंतर कळले. समोरच्या दुकानात माप मिळाले नाही. आठवड्याने ते पुन्हा उस्तादकडे आले. तोवर आमच्या सांगण्यावरून त्याने वितरकाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला होता. जोडी बारा दिवसांनी ट्रान्सपोर्टने आली. तोपर्यंत गाडी दुकानामागच्या चिकूखाली झाकून उभी होती, आणि उस्तादने जागेचे भाडेही घेतले.