मालवाहू पिकअपचा हॉर्न : आवाज किती व कोणासाठी?

बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे लाकूड घेऊन जाणारे ट्रक, कोळसा खाणींची अवजड वाहने आणि त्यांतून वाट काढीत धान, कापूस अथवा भाजीपाला बाजारास नेणारी शेतकऱ्याची लहानशी पिकअप गाडी, हे या भागातील रस्त्यांवरील नित्याचे दृश्य होय. गाडीचा मूळचा हॉर्न पुढील ट्रकचालकाच्या कानी पडत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार खोटी नाही. परंतु तिच्यावर सर्रास योजिला जाणारा उपाय, म्हणजे हवेच्या दाबावर वाजणारा कर्णकर्कश भोंगा आणून बसविणे, हा मात्र चुकीचा असून या वनजिल्ह्यांत तो घातकही आहे.

नवा हॉर्न घेण्यापूर्वी जुना तपासावा. पुष्कळदा दोष हॉर्नचा नसून त्यास पोचणाऱ्या विजेचा असतो. पावसाळ्यात जोडांवर गंज चढतो, बॉडीला दिलेली अर्थची तार सैल पडते, आणि आवाज घोगरा होतो. हॉर्न काढून फ्यूज असलेल्या जाड तारांनी बॅटरीस क्षणभर जोडून पाहावा. आवाज खणखणीत आला तर पैसे हॉर्नवर नव्हे, तर तारा व जोड यांवर खर्च करावे.

हॉर्न बदलणे आवश्यकच ठरले, तर १२ व्होल्टवर चालणारी शंखाकृती विजेच्या हॉर्नची जोडी घ्यावी. तीतील एक उंच व एक खालच्या स्वराचा असून दोन्ही एकाच वेळी वाजतात. आळीपाळीने निरनिराळे सूर काढणारा हॉर्न घेऊ नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ अन्वये असा, तसेच अवाजवी कर्कश, तीव्र वा भयकारक आवाज करणारा हॉर्न बसविण्यास मनाई आहे. दुकानदार तो विकतो, एवढ्यावरून तो कायदेशीर ठरत नाही.

बसविण्याच्या कामात खरी मेख आहे. अशी जोडी सुमारे ८ ते १० अँपिअर प्रवाह घेते. मूळची बारीक तार व स्टिअरिंगवरील बटण यांवर हा भार टाकल्यास बटण जळते. १ चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर तांब्याच्या तारेतून १० अँपिअर वाहिले तर जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो, तार २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर ही घट ०.३५ व्होल्टवर येते. म्हणून रिले लावावाच. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर, बॅटरीलगतच, फ्यूज घालून ती रिलेच्या ३० क्रमांकास द्यावी. ८७ वरून हॉर्नला न्यावी. बटणाची जुनी जोडणी ८५ व ८६ वर घ्यावी. शंखाचे तोंड किंचित खाली झुकलेले असावे, नाहीतर पहिल्याच पावसात त्यात पाणी साचते.

आता आवाजाच्या हिशेबाकडे वळावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ३२ मीटरवरील ट्रकच्या चालकास जो आवाज जेमतेम ऐकू येतो, तोच २ मीटरवरून चाललेल्या बैलजोडीच्या कानावर २४ डेसिबलने अधिक आदळतो. बुजलेली जोडी गाडीवानास आवरत नाही. बंडी नाल्यात जाते, कधी रस्त्यावरच आडवी होते. ट्रकचालकासाठी घेतलेल्या भोंग्याचा मार अशा रीतीने शेजारच्याच शेतकऱ्यावर बसतो.

वन्य प्राणी हॉर्नने पळून जातात, हा समजही बरोबर नाही. प्रखर दिव्यांपुढे प्राणी बिचकून जागीच उभा राहतो किंवा उलट दिशेने धावतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये जुनोना जंगलात बल्लारशाह–गोंदिया लोहमार्गावर वाघिणीचे तीन बछडे रेल्वेखाली सापडून मेले. जंगलातून जाताना भरवसा वेगावर ठेवावयाचा असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात १६ मीटरहून अधिक पुढे जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढे अंतर संपते. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून गडचिरोलीत रानटी हत्तींचा कळप आला, तेव्हापासून तर या प्रश्नास नवे स्वरूप आले आहे. हत्ती रस्त्यावर दिसल्यास हॉर्न मुळीच वाजवू नये. गाडी दूर थांबवावी, शक्य असल्यास सावकाश मागे घ्यावी आणि कळपास वाट द्यावी. मोठा भोंगा हाती असलेल्या चालकास हा संयम कठीण जातो, हेच त्याविरुद्धचे सर्वांत बळकट कारण मानावे लागेल.

विनाकारण वा सतत हॉर्न वाजविल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ अन्वये पहिल्या वेळी १,००० व पुढे २,००० रुपये दंड आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत वस्तीत, आणि रुग्णालय व शाळा यांच्या शांतता क्षेत्रात केव्हाही, हॉर्न वाजविण्यास बंदी आहे. पहाटे चार वाजता माल उचलावयास आलेली पिकअप गल्लीच्या तोंडाशी उभी राहून हॉर्ननेच एकेका शेतकऱ्यास हाक मारते, ही रीत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आधी मोडून काढावी. माल देणाऱ्या प्रत्येकाच्या घरी आता दूरध्वनी आहे. गाडी फाट्यावर पोचताच चालकाने एक फोन केला म्हणजे काम होते.