निसर्गाच्या कुंपणाला राखणदार लागत नाही

शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात सजीवांच्या वर्गीकरणाच्या पायऱ्या दिलेल्या असतात. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि सर्वांत शेवटी जाती. वाघ ही एक जाती, आंबा ही एक जाती, माणूस ही एक जाती. त्याच शाळेच्या दाखल्यावर विद्यार्थ्याच्या नावाखाली एक रकाना असतो आणि त्यातही जातच लिहिलेली असते. मराठीने एकाच शब्दाच्या पाठीवर अशी दोन ओझी दिली आहेत. या सारखेपणाचा फायदा उठवणारेही कमी नाहीत. "निसर्गातसुद्धा जाती आहेतच की! वाघ वाघिणीशी जुगतो, हरिण हरिणीशी. मग माणसांत जाती असल्या तर बिघडले कुठे?" हा युक्तिवाद गावच्या पारावर होतो, ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज सकाळी सुप्रभातसोबत येतो.

आमचे म्हणणे असे आहे की या युक्तिवादाला आपण केवळ संतापाने उत्तर देत राहिलो तर समोरचा हसून निघून जाईल. जीवशास्त्राचा आधार त्याने घेतला आहे ना? मग जीवशास्त्रातच त्याला गाठू.

प्राण्यांमध्ये जाती कशी ओळखायची, याची सर्वांत परिचित कसोटी साधी आहे. ज्यांचा निसर्गतः आपसांत संकर होतो आणि ज्यांची संतती पुढे संतती देऊ शकते, ते एका जातीचे. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होते, पण खेचराला सहसा पिल्लू होत नाही. म्हणून घोडा आणि गाढव या दोन जाती. आता ही कसोटी माणसाला लावा. जगातल्या कोणत्याही कोपऱ्यातला पुरुष आणि कोणत्याही कोपऱ्यातली स्त्री यांना मूल होते, त्या मुलालाही पुढे मुले होतात. ब्राह्मण आणि महार, मराठा आणि मातंग, वाणी आणि भिल्ल यांच्या संततीत कोणी 'खेचर' जन्मल्याचे आजवर ऐकिवात आहे का? जीवशास्त्राच्या दाखल्यावर माणसाच्या पुढे एकच जाती लिहिता येते.

मग निसर्गात नव्या जाती तयार होतात तरी कशा? १८५९ साली चार्ल्स डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि प्रत्येक जाती निर्मात्याने स्वतंत्र घडवून कायमची ठेवली आहे, या समजुतीला मोठा तडा गेला. एकाच जातीच्या जीवांमध्ये लहानसहान फरक असतात, ते पुढच्या पिढीत उतरतात, आणि ज्या फरकांमुळे त्या परिस्थितीत जगणे व संतती वाढवणे सोपे जाते ते फरक पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातात. हीच नैसर्गिक निवड. पण एका जातीच्या दोन जाती व्हायला बहुतेक वेळा आणखी एक गोष्ट लागते. मध्ये अडथळा यावा लागतो.

हा अडथळा पाहायला फार लांब जायला नको. आपला सह्याद्री दक्षिणेकडे पश्चिम घाट म्हणून केरळ-तामिळनाडूपर्यंत जातो. तिथे पालघाटची खिंड डोंगररांगेला तीसेक किलोमीटर रुंदीने तोडते. उंचावरच्या थंड शोला जंगलात शोलाकिळी नावाचा लहानसा पक्षी राहतो. खिंडीतली उष्ण, सखल जमीन ओलांडणे त्याला जमत नाही. म्हणून खिंडीच्या उत्तरेला निलगिरीकडची शोलाकिळी आणि दक्षिणेला अन्नामलाई-पळणीच्या डोंगरांतली शोलाकिळी लाखो वर्षे एकमेकींपासून तुटून राहिल्या. दोन्हीकडे वेगवेगळे बदल साचत गेले. आज शास्त्रज्ञ त्यांना दोन स्वतंत्र जाती मानतात. मिसळणे थांबले, प्रचंड काळ थांबले, तेव्हा कुठे दोन जाती झाल्या.

आता याच्या शेजारी मनुस्मृतीचा दहावा अध्याय ठेवा. तिथेही जातींच्या उत्पत्तीचा सिद्धांत आहे, पण नेमका उलटा. मनूच्या मते चार वर्ण आधीच पक्के होते आणि त्यांच्या संकरातून नवनव्या जाती निपजल्या. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांची संतती म्हणजे चांडाळ, आणि त्याने गावाबाहेर राहावे, मृतांची वस्त्रे ल्यावीत, फुटक्या भांड्यात जेवावे. म्हणजे माणसांनी एकत्र येणे हाच गुन्हा आणि नवी जात ही त्याची शिक्षा. जीवशास्त्र सांगते की जाती मुख्यतः तुटण्यातून होतात. मनू सांगतो की जाती मिसळण्यातून होतात. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जळाले, ते नीतीच्या कसोटीवर नापास होतेच, जीवशास्त्राच्या कसोटीवरही ते नापास आहे.

आणि बाबासाहेबांचे म्हणणे काय होते? ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की भारतातले लोक पूर्वीच एकमेकांत मिसळलेले होते. जात आली ती नंतर, एका गटाने स्वतःच्या गटाबाहेर लग्न करण्याची दारे बंद केली तेव्हा. सजातीय विवाह हे जातीचे मूळ. पहिल्या गटाने दार लावून घेतले, इतरांनी एकतर त्याचे अनुकरण केले किंवा त्यांना दार बाहेरून बंद मिळाले. सतीप्रथा, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही सगळी त्या दाराची कडी-कुलपे होती. डीएनएची रचना उलगडली १९५३ साली. त्याच्या सदतीस वर्षे आधी, प्रयोगशाळेशिवाय, केवळ समाजाचे निरीक्षण करून बाबासाहेबांनी ही मांडणी केली होती.

पुढे प्रयोगशाळाही त्याच दिशेने आली. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी भारतीय उपखंडातील ७३ समूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथे लोकांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली आणि ती सर्वदूर पोहोचली. त्यानंतर दारे बंद होत गेली. २०१६ साली पश्चिम बंगालमधील कल्याणीच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवले की अनेक समूहांत, विशेषतः वरच्या जातींत, ही सरमिसळ साधारण सत्तर पिढ्यांपूर्वी एकाएकी थांबलेली दिसते. आधी मिसळणे, मग दार बंद. १९१६ च्या निबंधातला क्रम हाच आहे.

सत्तर पिढ्या ऐकायला पुष्कळ वाटतात. पण आपली मानवजाती सुमारे तीन लाख वर्षांची आहे, म्हणजे दहा हजारांहून जास्त पिढ्यांची. त्यापुढे सत्तर पिढ्यांचे कुंपण म्हणजे काल संध्याकाळी घातलेले कुंपण. त्यातून नवी जाती निपजली नाही. निपजले ते आजार. २०१७ सालच्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूह तपासले गेले. त्यांपैकी ८१ समूह इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आणि इतके आतल्या आत लग्न करणारे निघाले, की अनुवंशिक आजारांच्या अभ्यासात जगभर ज्यांची उदाहरणे देतात त्या फिनलंडच्या लोकांनाही त्यांनी मागे टाकले. शुद्ध रक्ताचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा निष्कर्ष लग्नपत्रिकेवर कुलदेवतेच्या खाली छापावा.

आता आमचा मुख्य प्रश्न. शोलाकिळीला खिंड ओलांडू नको म्हणून कोण सांगते? घोडा-गाढवांची पंचायत बसते का? निसर्गाच्या कुंपणाला राखणदार लागत नाही, कारण ते कुंपण शरीरात आणि भूगोलात असते. जातीच्या कुंपणाला मात्र पावलोपावली राखणदार लागतात. जातपंचायत लागते, वाळीत टाकणे लागते, मुलीचा मोबाइल तपासणारा भाऊ लागतो, वधू-वर सूचक मंडळ लागते. आणि तेवढ्याने भागले नाही तर कोयता लागतो. नगर जिल्ह्यातले २०१३ चे सोनई आणि २०१४ चे खर्डा महाराष्ट्र विसरलेला नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध राज्याला २०१६ साली खास कायदा करावा लागला. तरुण माणसे निसर्गतः एकमेकांकडे ओढली जातात, म्हणूनच तर त्यांना अडवायला एवढी फौज लागते. जात नैसर्गिक असती तर ती टिकवायला एकाही माणसाचा खून करावा लागला नसता.

दुसरा युक्तिवाद शिकल्या-सवरल्यांचा आहे. "डार्विननेच सांगितले, जो लायक तो टिकतो. मग आरक्षण कशाला?" पहिली गोष्ट, लायक तोच टिकेल हा शब्दप्रयोग मुळात हर्बर्ट स्पेन्सर यांचा, १८६४ सालचा. डार्विन यांनी तो नंतर उचलला. दुसरी आणि महत्त्वाची गोष्ट, तिथे लायक याचा अर्थ श्रेष्ठ असा होत नाही. गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून फिंच पक्ष्यांचा अभ्यास केला. १९७७ साली दुष्काळ पडला. मऊ, बारीक बिया संपल्या, कठीण आणि मोठ्या उरल्या. जाड चोचीचे पक्षी जास्त संख्येने वाचले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच मोठी झाली. मग १९८३ साली धो धो पाऊस पडला, बारीक बियांचे पीक आले आणि निवडीचा काटा लहान चोचीकडे झुकला. सांगा, यातली 'मेरिट'वाली चोच कोणती? ज्या वर्षी जे दाणे, त्या वर्षी ती चोच. परिस्थिती कोणाला अनुकूल आहे, एवढेच निवड सांगते.

शिवाय बेटावरच्या बिया कोणी कुलूपबंद करून ठेवल्या नव्हत्या. आमच्या पूर्वजांसाठी मात्र पाणवठा, शाळा, जमीन आणि बाजार हे सगळे माणसांनी ठरवून बंद केले होते. दाण्यांवर पहारा बसवायचा आणि मग उपाशी पक्ष्याला नालायक म्हणायचे, याला नैसर्गिक निवड म्हणत नाहीत. याला चोरी म्हणतात. आरक्षण हे त्या कुलपाला लावलेल्या चाव्यांपैकी एक आहे.

इथे आमच्याच कार्यकर्त्यांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. 'त्यांचा डीएनए परका, आमचा डीएनए मूळचा' अशा पोस्ट आपल्या गटांतून फिरतात, टाळ्या मिळवतात. मित्रहो, वर सांगितलेल्या २०१३ च्या अभ्यासाने त्यातली हवा काढलेली आहे. प्रमाण कमी-जास्त आहे, हे खरे. पण इथल्या जवळजवळ प्रत्येक समूहात दोन्हीकडचे पूर्वज आहेत. बाबासाहेबांनी १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धांत फेटाळला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाच्या मोजमापांचीच आकडेवारी घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत असे दाखवले. ज्या वंशाच्या फूटपट्टीने आपल्याला हीन ठरवले, तीच फूटपट्टी उलटी धरून आपण दुसऱ्याला परके ठरवू लागलो, तर जिंकले कोण? ब्राह्मण्याशी लढा हा व्यवस्थेशी लढा आहे. तो रक्ताशी लढा झाला की आपणही मनूच्या वर्गात जाऊन बसलो.

आणि समता ही काही जनुकांच्या अहवालावर टांगलेली नाही. उद्या कोणी माणसामाणसांत काही फरक दाखवले, तरी समतेचा हक्क कमी होत नाही. माणसे सारखी नसली तरी त्यांना समतेनेच वागवावे लागेल, हेही बाबासाहेबांनीच १९३६ साली बजावले आहे. विज्ञानाने खोट्याची जागा मोकळी केली आहे. त्या जागेवर न्याय उभा करण्याचे काम आपले.

तथागतांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला होता. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण त्यांच्याकडे वाद घेऊन येतात. ब्राह्मण जन्माने होतो की आचरणाने? तेव्हा बुद्ध गवत, झाडे, कीटक, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांची उदाहरणे देतात. त्यांच्यात जातीजातींच्या खुणा वेगळ्या आहेत. मग माणसाच्या केसांपासून पायांपर्यंत एकेक अवयव घेऊन ते दाखवतात की इथे तशी खूण नाही. माणसांतले भेद बोलण्या-चालण्यातल्या नावांचे. बुद्धाने उत्क्रांती सांगितली असा दावा आम्ही करणार नाही. तसे करणे म्हणजे पुराणात विमान शोधणाऱ्यांची नक्कल होईल. पण जीवसृष्टीतली जाती आणि समाजातली जात यांची गल्लत करू नका, एवढे त्यांनी स्वच्छ सांगितले होते.

ही गल्लत कायम राहावी असे ज्यांना वाटते, त्यांना उत्क्रांतीचा धडा नकोसा आहे. जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही म्हणून. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्यांचे म्हणणे खोडून काढले. पण काही वर्षांतच एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातला 'अनुवंश आणि उत्क्रांती' हा धडा नुसता 'अनुवंश' झाला. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रक काढले. ही पुस्तके शिकणाऱ्या आणि दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांना हा धडा मग दहावीत भेटला नाही. अनुवंश शिकवायचा आणि बदल शिकवायचा नाही, यात कोणाची सोय आहे हे वेगळे सांगायला हवे का?

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. शाळेने धडा गाळला असेल तर विहारात तो शिकवा. वर्षावासात एक रविवार त्यासाठी द्या, बारावी-बीएस्सीची आपलीच मुलेमुली शिकवतील. आणि भारतात आजही शंभरातली जेमतेम पाच लग्ने जातीबाहेर होतात, हे लक्षात ठेवून जे जोडपे हे कुंपण ओलांडते त्याच्या पाठीशी उभे राहा. त्याला भाड्याची खोली शोधून द्या, नोंदणी कार्यालयात साक्षीदार व्हा, पोलीस ठाण्यात सोबत जा. आपल्याच घरातल्या मुलीने किंवा मुलाने आपल्यातल्याच दुसऱ्या पोटजातीचा किंवा 'आपल्यापेक्षा खालचा' म्हटला जाणारा जोडीदार निवडला, तरी हेच करा. राखणदारी सोडायची सुरुवात स्वतःच्या दारापासून होते.

जय भीम! नमो बुद्धाय!