व्हाइन आणि वाइन

द्राक्षाचा वेल आणि त्याची दारू, इंग्रजी उच्चारात फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. नाशिककर तो सहज करतो: वेल ‘व्हाइन’, दारू ‘वाइन’. ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ आपण लिहितोही वेगळे; हिंदीत दोन्हीकडे ‘व’च. म्हणून फुशारकी नको. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्तरेकडचा सहकारी ‘इस्कूल’ म्हणाला की आपल्याला हसू फुटतं. पण सुरुवातीच्या जोडाक्षराआधी स्वर घेणं ही त्याच्या बोलीची सवय. आपला ‘थ’ लंडनवाल्याला तितकाच परका. ‘थिंक’ म्हणताना तो दातांतून नुसती हवा सोडतो, आपण जीभ दातांवर आपटतो. ‘कार’मधला ‘र’ तो गिळतो, आपण ठणठणीत म्हणतो.

या अंकात अशाच तऱ्हांवर लेख आहेत. क्लासवाले ‘न्यूट्रल ॲक्सेंट’ शिकवतात म्हणे. तो नेमका कुठल्या गावचा, तेवढं त्यांनी सांगावं.